खोका क्रमांक सत्तेचाळीस

पत्र्याच्या शेडमध्ये आडवी निजवली आहे
दोनशे साठ मीटर उभी जमीन,
पाच-पाच मीटर करून, बावन्न खोक्यांत.
पंचफुला येडमे ओल्या फडक्याने गाभा पुसत चालली आहे.
कोरडा असला की सगळाच दगड राखेच्या रंगाचा,
पाणी फिरलं की ज्याचा त्याचा रंग वर येतो:
पहिल्या खोक्यात काळी माती, पऱ्हाटीच्या मुळासकट,
मग कामठीचा तांबडा वालुकाश्म,
मग करडा, भरड, मधेच कोळशाची बोटभर रेघ.

मी वहीत उतरवतो: रंग, कण, थरांचा कल.
तिरक्या रेघांवरून एवढंच कळतं की पाणी वाहतं होतं.
कोणत्या दिशेला, ते नाही कळत;
वर येता येता गाभा स्वतःभोवती फिरतो
आणि दिशा विसरतो.

पण जाडी विसरत नाही.
नदी गुडघाभरच होती,
या बुडापासून त्या माथ्यापर्यंत गुडघाभरच,
तोच उथळ गाळ, त्याच लाटांच्या सुरकुत्या.
मग दोनशे मीटर वाळू मावली कुठे?
तर तळ खचत होता.
नदी भरत होती आणि तळ खचत होता,
इतका सावकाश
की काठावरच्या नेच्यांनाही पत्ता नसावा.

नेहमीच सावकाश नाही.
सत्तेचाळिसाव्या खोक्याशी पंचफुलाचा हात थांबतो.
वर सपाट थर, खाली सपाट थर,
मधली वीतभर मात्र गुरफटलेली.
"सायेब, हे विरजन कोनं तरी हालवलं."
काय?
"जमाच्या आदी. जमल्यावर हालवलं तं तुकडे पडते.
जमाच्या आदी हालवलं तं असं गरगरते."

विद्यापीठात या गोष्टीवर आमचा एक आठवडा गेला होता.
मी म्हणतो, भूकंप.
ती विचारते, "मंग मेलं कोन?"
माणसं नव्हती तेव्हा.
"मानसं नसतीन. बाकीचे तं असतीन."
आणि त्या वीतभरावरून
फडकं जरा हलकं फिरवते.

एकोणपन्नास आणि पन्नासमध्ये
नऊ मीटर कोळसा हवा होता.
नाल्यापलीकडच्या भोकात तो एकशे दहावर लागला,
इकडे खोल जाणार हे धरूनच होतो,
पण इकडे तो नाहीच.
एक तिरपी पातळी, घासून घासून आरशासारखी,
तिच्यावर एकाच बाजूला ओढलेले ओरखडे,
आणि तिच्याखाली थेट तालचेरचा हिरवट चिखलदगड.
ड्रिलर शरणप्पा तीनदा येऊन बघून गेला.
"नऊ मीटर! कोणी खाल्ला?"
खाल्ला नाही, सरकला.
जमीन इथे मोडली, अलीकडची बाजू खाली बसली,
पलीकडची होती तिथेच राहिली.
मी कागदावर रेघ ओढून दाखवतो,
मोड कुठून कुठे जात असेल ते:
महारुखाच्या झाडापासून, नाल्याच्या काठाकाठाने,
जुन्या स्मशानाच्या मागून.

पंचफुला रेघेकडे बघते.
"हे तं आमाले ठावूक हाय," म्हणते.
"नाल्याच्या अल्याड चाळीस हातावर पानी.
पल्याड दोनशे हात गेले तरी फुफाटा.
म्हनून पल्याड पोरगी देत नाही आमच्यात."

पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा मोड,
आणि मी त्याला गेल्या मंगळवारी सापडलेला समजत होतो.

"कोणीच देत नाही?"
ती बादलीत फडकं बुचकळते.
"मले देल्लं होतं."
एवढंच. कधी, कोणी, किती वर्षं,
परत कशी आली की आलीच नाही,
मी विचारत नाही, ती सांगत नाही.

शेऱ्याच्या रकान्यात लिहितो:
विभंग. अलीकडची बाजू खाली.
रकाना तेवढाच असतो.

ती फडकं पिळते,
जमिनीवर नाही, बादलीवर धरून,
शेवटचा थेंब पडेपर्यंत,
आणि एक्कावन्नावा खोका पुढे ओढते.